चर्चा धागा: ‘खुकरी’ हे नाव तिसऱ्या युद्धनौकेला द्यावे का?

कुलाबकर (धागाकर्ते)

९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवच्या किनाऱ्यापासून सुमारे ४० सागरी मैलांवर, पाकिस्तानच्या ‘हंगोर’ या पाणबुडीने सोडलेला पाणतीर आपल्या ‘खुकरी’ या फ्रिगेटवर आदळला आणि अवघ्या काही मिनिटांत ती नौका तळाला गेली. तिच्यासोबत १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला शेवटपर्यंत आपल्या माणसांना बाहेर काढत राहिले आणि त्यांनी स्वतः नौका सोडली नाही. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र देण्यात आले.

पुढे मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या एका कॉर्व्हेटला, म्हणजे लहान युद्धनौकेला, हेच नाव मिळाले. ही दुसरी ‘खुकरी’ २३ ऑगस्ट १९८९ रोजी नौदलात दाखल झाली, ३२ वर्षे सेवा करून २३ डिसेंबर २०२१ रोजी विशाखापट्टणम येथे निवृत्त झाली आणि नंतर संग्रहालय म्हणून दीवच्या प्रशासनाकडे सोपवली गेली. म्हणजे आज हे नाव पुन्हा मोकळे आहे. आपल्या नौदलाची रीत पाहता ते कधी ना कधी तिसऱ्या नौकेवर रंगवले जाईल. तसे होऊ नये असे मला मनापासून वाटते, आणि ते का, हे मांडण्यासाठी हा धागा काढला आहे.

गेल्या हिवाळ्यात मी दीवला गेलो होतो. तिथे समुद्राकडे तोंड करून असलेल्या एका टेकाडावर पहिल्या ‘खुकरी’चे स्मारक आहे, आणि त्यात काचेच्या पेटीत त्या नौकेची लहानशी प्रतिकृती ठेवलेली आहे. दुसरी ‘खुकरी’ मात्र खरीखुरी, पूर्ण आकाराची उभी आहे. तिच्यासमोर एक गृहस्थ आपल्या सात-आठ वर्षांच्या मुलाला सांगत होते, “ही बघ, हीच पाकिस्तानने बुडवली होती.” मुलाने विचारले, “मग ही वर कशी आली?” गृहस्थ क्षणभर थांबले आणि म्हणाले, “काढली असेल.” मी पुढे होऊन त्यांना सांगायला हवे होते, पण गर्दी होती आणि ते पुढे सरकले.

नाव पुन्हा दिले की आठवण जिवंत राहते, असे नेहमी सांगितले जाते. मला तिथे उलटे दिसले. दुसऱ्या नौकेने पहिलीची जागा घेतली आणि १९४ माणसे जिथे आहेत तो समुद्राचा तळ त्या मुलाच्या मनात रिकामा झाला. ज्या नौका आपले आयुष्य पूर्ण करून निवृत्त होतात त्यांची नावे खुशाल फिरवावीत. जी नौका माणसांसह गेली, तिचे नाव तिच्यापाशीच राहू द्यावे. ब्रिटिशांची ‘हूड’ ही युद्धनौका १९४१ मध्ये माणसांसह बुडाली, त्यानंतर त्यांनी ते नाव पुन्हा कोणत्याही युद्धनौकेला दिलेले नाही, ते मला योग्य वाटते.

इंजिनघर

मी नौदलाच्या इंजिनघरात बावीस वर्षे काढली. त्यातली सहा वर्षे अशा नौकेवर होतो जिचे नाव तिच्याआधी दुसऱ्या एका नौकेने चालवले होते. कुलाबकरांच्या भावनेचा मला पूर्ण आदर आहे, तरीही त्यांचे म्हणणे मला अजिबात पटत नाही.

आमच्या मेसकडे जाणाऱ्या अरुंद वाटेत जुन्या नौकेचा एक फोटो टांगलेला असे आणि त्याखाली तिच्या मोहिमांची यादी. नव्याने आलेला पोरगा पहिल्या आठवड्यात हमखास विचारायचा की ही आपली नौका तर नाही, मग ही कोणती? मग कोणीतरी जुना माणूस हातातले काम बाजूला ठेवून त्याला ती हकिगत सांगायचा. नाव वेगळे असते तर तो फोटो तिथे टांगला गेला नसता आणि प्रश्नही आला नसता. नौकेवर आठवण टिकते ती अशी, रोजच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर. स्मारकापाशी माणूस वर्षातून एकदा जातो.

शिवाय नौदलाने दोन ‘खुकरीं’मध्ये किती जाणीवपूर्वक नाते जोडले होते ते पाहा. पहिलीचा क्रमांक एफ १४९ होता, दुसरीचा पी ४९. तिच्या सोबतच्या ‘कृपाण’चा १४४ होता, तर नव्या ‘कृपाण’चा ४४. ‘कुठार’चा १४६, तर नव्या ‘कुठार’चा ४६. त्या रात्री ‘खुकरी’सोबत ‘कृपाण’ होती आणि ‘कुठार’ बंदरात अडकली होती. म्हणजे नुसते एक नाव उचलले नाही, तर त्या तिघींची अख्खी जोडणी पुन्हा उभी केली. यात विसर कुठे आहे?

आता ‘हूड’चे. तुम्ही एक ब्रिटिश उदाहरण दिलेत, मी दुसरे देतो. १७४४ मध्ये त्यांची ‘व्हिक्टरी’ ही १०० तोफांची नौका इंग्लिश खाडीतल्या वादळात हजाराहून अधिक माणसांसह बुडाली, एकही वाचला नाही. वीस वर्षे उलटली आणि १७६५ मध्ये पाण्यात उतरलेल्या नव्या नौकेला त्यांनी तेच नाव दिले. ती नेल्सनची ‘व्हिक्टरी’, जी आजही पोर्ट्समथला उभी आहे. बुडालेल्या नौकेचे नाव अशुभ म्हणून सोडून दिले असते तर ट्राफल्गरच्या लढाईत नेल्सनची नौका दुसऱ्याच नावाने लढली असती.

आणि एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. बुडालेल्या नौकेचे नाव पुन्हा वापरायचे नाही असा नियम केला, तर आपली कोणती नावे समुद्रावर राहतील आणि कोणती मिटतील हे शत्रूचा पाणतीर ठरवणार. पाकिस्तानची ‘गाझी’ ही पाणबुडी १९७१ च्या युद्धात विशाखापट्टणमच्या तोंडाशी बुडाली, तरी पाकिस्तानने १९७५ मध्ये पोर्तुगालकडून घेतलेल्या पाणबुडीला पुन्हा ‘गाझी’ म्हटले. ज्या ‘हंगोर’ने आपली ‘खुकरी’ बुडवली, तिचेही नाव त्यांनी चीनकडून घेतलेल्या पाणबुड्यांच्या पूर्ण वर्गाला दिले आणि त्यातली पहिली २०२४ मध्ये वूहानला पाण्यात उतरली. समोर ‘हंगोर’ असताना आपल्याकडे ‘खुकरी’ नसावी, हे मला सहन होणारे नाही.

बखरवाचक

इंजिनघर यांचा शेवटचा मुद्दा भावनेला हात घालणारा आहे, पण तो युक्तिवाद म्हणून तपासला पाहिजे. शत्रू काय करतो यावर आपण नावे ठेवायची, म्हणजे निर्णय पुन्हा त्याच्याच हाती गेला.

आपल्याकडे घरोघरी आजोबांचे नाव नातवाला ठेवतात. ते आजोबा आपले आयुष्य जगून गेलेले असतात. अकाली गेलेल्या लेकराचे नाव पाठच्या भावंडाला ठेवायला मात्र बहुतेक घरांत कुणी धजत नाही, आणि त्यात अंधश्रद्धेपेक्षा मोठी समज असते: त्या दुसऱ्या मुलाने जन्मभर दुसऱ्याच्या जागी का जगावे? कुलाबकरांनी जो फरक केला आहे, पूर्ण आयुष्याची नौका आणि माणसांसह गेलेली नौका, तो आपल्या लोकव्यवहारात आधीपासून आहे.

दुसरे असे की नावामुळे गुण येतात हा समज आपल्याच इतिहासाने मोडून काढला आहे. थोरल्या बाजीरावांचे नाव त्यांच्या नातवाला मिळाले. आजोबांनी नर्मदेपलीकडे राज्य नेले आणि त्याच नावाच्या नातवाने १८१८ मध्ये ते इंग्रजांच्या हवाली केले. नाव तेच होते, वाडा तोच होता. तेव्हा ‘नाव चालवणे’ ही गोष्ट नाव ठेवणाऱ्याच्या हाती नसते.

थळचा वारा

या चर्चेत माझ्या गावासमोरचे नाव यायलाच हवे, म्हणून लिहितो.

अलिबागजवळच्या थळच्या किनाऱ्यावर उभे राहिले की समोर खांदेरी आणि उंदेरी ही दोन बेटे दिसतात. १६७९ च्या पावसाळ्याअखेरीस शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून मायनाक भंडारी यांनी खांदेरीवर तटबंदीचे काम सुरू केले. मुंबईच्या तोंडाशी मराठ्यांचा किल्ला होणे इंग्रजांना परवडणारे नव्हते, म्हणून त्यांनी आपली जहाजे पाठवून बेटाला वेढा घातला. ऑक्टोबरात मराठ्यांच्या दौलतखानाच्या आरमाराशी इंग्रजांची लढाई झाली आणि त्यांचे ‘डव्ह’ नावाचे गुराब (लढाऊ जहाज) मराठ्यांच्या हाती लागले. इंग्रजांच्या मोठ्या जहाजांना उथळ पाण्यात आणि पडत्या वाऱ्यात आमच्या होड्यांचा पाठलाग करता येत नव्हता. रात्रीच्या अंधारात नागावकडून सामान बेटावर पोचत राहिले आणि तट वर चढत राहिला. १६८० च्या सुरुवातीला इंग्रजांनी तह करून माघार घेतली.

त्या वेढ्यातल्या इंग्रजांच्या मुख्य जहाजाचे नाव होते ‘रिव्हेंज’. ते ईस्ट इंडिया कंपनीचे जहाज होते, पण नाव त्यांच्या आरमारात आधीच गाजलेले होते. १५९१ मध्ये अझोर्स बेटांजवळ एक ‘रिव्हेंज’ स्पॅनिश ताफ्याशी एकटी लढून शत्रूच्या हाती पडली आणि लगेचच वादळात बुडाली. त्यानंतर हे नाव त्यांनी सोडले नाही. १८०५ मध्ये ट्राफल्गरच्या, १९१६ मध्ये जटलंडच्या लढाईत आणि १९६९ मध्ये अणुपाणबुडीवर तेच नाव दिसते. खांदेरीसमोर त्या नावाचे जहाज उभे होते आणि तरी किल्ला झालाच, हे आम्ही थळकर अभिमानाने सांगतो.

आता याच नावाच्या आपल्या पाणबुड्यांकडे या. पहिली ‘खांदेरी’ ६ डिसेंबर १९६८ रोजी दाखल झाली आणि १९८९ मध्ये निवृत्त झाली. दुसरी माझगाव डॉकमध्ये बांधली गेली आणि २८ सप्टेंबर २०१९ रोजी मुंबईत दाखल झाली. म्हणजे बेटाच्या किल्ल्यापासून धरले तर हे नाव ३४० वर्षे समुद्राशी बांधलेले आहे. मात्र मला खटकते ते असे की दुसरी ‘खांदेरी’ पाण्यात उतरताना हे नाव मराठ्यांच्या सागरी किल्ल्यावरून दिल्याचे सांगितले गेले आणि ती दाखल होताना तळाशी शिकार करणाऱ्या एका करवतीसारख्या दातांच्या माशावरून दिल्याचे सांगितले गेले. तिच्याच वर्गातल्या ‘कलवरी’ या पाणबुडीचे नाव माशाचे आहे हे खरे, पण खांदेरी म्हटल्यावर थळ-अलिबागच्या कोळ्याला बेट आठवते, वेताळाचे देऊळ आठवते आणि दगडाने ठोकला की धातूसारखा वाजणारा तो खडक आठवतो. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली त्यांत खांदेरीही आहे.

म्हणून माझे मत इंजिनघर यांच्या बाजूने आहे, पण एका अटीवर. नाव पुन्हा द्यायचे असेल तर ते कुठून आले याचा एकच पक्का खुलासा नौकेवर लिहिलेला असला पाहिजे. मूळच डळमळीत असेल तर पुढची नौका काय सांगणार?

दारुखाना

मी कुलाबकरांच्या बाजूने आहे आणि माझे कारण ‘खुकरी’ नसून ‘विक्रांत’ आहे.

जुनी ‘विक्रांत’ ४ मार्च १९६१ रोजी बेलफास्टला नौदलात दाखल झाली. १९७१ मध्ये तिच्यावरच्या सी हॉक आणि अलिझे विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगाववर हल्ले केले. त्याच युद्धात अमेरिकेने आपली ‘एंटरप्राइज’ ही प्रचंड अणुशक्तीवरची विमानवाहू नौका बंगालच्या उपसागराकडे धाडली होती. १९९७ मध्ये ‘विक्रांत’ निवृत्त झाली आणि पुढे २०१२ पर्यंत मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. लहानपणी शाळेच्या सहलीत मी तिच्या उड्डाणपट्टीवर चाललो आहे. चपलांतून तापलेले लोखंड लागायचे, ते अजून तळव्यांना आठवते.

नंतर काय झाले त्या तारखा शेजारी शेजारी ठेवून पाहा. १२ ऑगस्ट २०१३ रोजी कोचीला नव्या ‘विक्रांत’चे जलावतरण झाले. २०१४ मध्ये जुनी ‘विक्रांत’ सुमारे ६० कोटी रुपयांना भंगारात विकली गेली. न्यायालयात दाद मागणारे हरले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबईत जहाजे मोडतात त्या दारुखान्यात तिच्यावर गॅसकटर चालू लागले. आमचे घर तिथून जवळ आहे. सकाळी कामाला निघताना तिचा पुढचा भाग दिसायचा, संध्याकाळी परतताना त्यातला तुकडा कमी झालेला असायचा. जळलेल्या रंगाचा आणि जुन्या तेलाचा वास कित्येक आठवडे वस्तीत भरून होता. त्या दिवसांत मी अनेकांना विचारले की तुम्हाला वाईट वाटत नाही का. बहुतेकांचे उत्तर एकच होते: “नवी येतेय ना, त्याच नावाची.”

मला हे वाक्य विसरता येत नाही. नाव पुढे गेले म्हणून लोखंड जाऊ देणे सोपे झाले. जर नव्या नौकेला वेगळे नाव ठरले असते, तर ‘विक्रांत’ कायमची संपते आहे हे सगळ्यांना उघड दिसले असते आणि कदाचित ती वाचवण्याची धडपड अधिक जोराची झाली असती. इंजिनघर यांनी ‘व्हिक्टरी’चे उदाहरण दिले, पण ब्रिटिशांनी ती नौका मोडली नाही. आपण नाव ठेवले आणि नौका मोडली.

इंजिनघर

दारुखाना यांचे दुःख खरे आहे. ‘विक्रांत’ वाचायला हवी होती, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. पण तिच्या मरणाचा दोष नावाला देणे मला मान्य नाही. ती मोडली गेली कारण पाण्यात उभ्या असलेल्या सत्तर वर्षांच्या लोखंडाची डागडुजी महाग असते आणि तो खर्च उचलायला कोणी पुढे आले नाही. जहाजाचा तळ गंजतो, गोदीत चढवावे लागते, पत्रे बदलावे लागतात. हे काम मी जवळून पाहिले आहे. नव्या नौकेचे नाव दुसरे काहीही असते तरी ते बिल तेवढेच आले असते.

उलट, जे वाचले ते नावामुळे वाचले. दोन्ही नौकांचा क्रमांक आर ११ आहे. दोघींचे ब्रीद एकच, ऋग्वेदातले ‘जयेम सं युधि स्पृधः’. जुन्या ‘विक्रांत’ची १९६१ सालची घंटा २०२३ मध्ये नव्या नौकेला सुपूर्द करण्यात आली. घंटा ही नौकेवर शोभेची वस्तू नसते. जुन्या काळी दर अर्ध्या तासाने तीच वाजायची आणि तिच्यावरच पहारे बदलायचे. अमेरिकनांनी तर जुन्या ‘एंटरप्राइज’चे पोलाद वितळवून नव्या ‘एंटरप्राइज’मध्ये घातले. हे सगळे नाव एक असल्यामुळेच सुचते.

बखरवाचक यांना एवढेच सांगतो की २०२१ मध्ये नवी ‘करंज’ पाणबुडी दाखल झाली तेव्हा प्रमुख पाहुणे होते माजी नौदलप्रमुख ॲडमिरल शेखावत. १९७१ च्या युद्धात जुन्या ‘करंज’चे कप्तान तेच होते. पन्नास वर्षांपूर्वीची पाणबुडी चालवणारा माणूस त्याच नावाच्या नव्या पाणबुडीसमोर उभा राहतो, तेव्हा तिथल्या वीस-बावीस वर्षांच्या मुलांना जे मिळते ते दुसऱ्या कोणत्याही प्रकारे देता येणार नाही.

मांडवीकाठ

थोडक्यात लिहितो. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला तेव्हा मुरगाव बंदरात पोर्तुगीजांच्या ‘अफोन्सो द आल्बुकेर्क’शी ‘बेतवा’ आणि ‘बियास’ या फ्रिगेट लढल्या. आमच्या घरात ही दोन नावे आजही आदराने घेतली जातात. दुसरी ‘बेतवा’ २०१६ मध्ये मुंबईच्या गोदीत कलंडली आणि त्यात दोन नौसैनिक गेले, तेव्हा काही लोक नावालाच दोष देऊ लागले होते. तो विचार आपण इथे येऊ देऊ नये. अपघाताची कारणे गोदीच्या कामात असतात, नावात नसतात, आणि बुडालेल्या नौकेचे नाव अशुभ असते असे कुलाबकरांनीही कुठे म्हटलेले नाही, हे इंजिनघर यांनी लक्षात घ्यावे.

बखरवाचक

‘करंज’च्या प्रसंगाबद्दल इंजिनघर म्हणतात ते मी मान्य करतो. पण ती ‘करंज’ युद्धातून सुखरूप परतली होती, म्हणूनच तिचा कप्तान पन्नास वर्षांनी समारंभाला येऊ शकला. ‘खुकरी’च्या कप्तानाला कोण बोलावणार? माझा आणि कुलाबकरांचा मुद्दा नेमका हाच आहे.

एक सुधारणा मात्र सुचवतो. पेशव्यांच्या काळात माधवराव दोन झाले तेव्हा लोकांनी त्यांना एक होऊ दिले नाही. एक थोरले माधवराव राहिले, दुसरे सवाई माधवराव झाले. भाषेने स्वतःच दोघांना वेगळे ठेवले. नौदलाने नाव पुन्हा द्यायचेच ठरवले, तर निदान बोलताना, लिहिताना आणि पाटीवर ‘पहिली’, ‘दुसरी’, ‘तिसरी’ म्हणण्याची शिस्त असावी.

कुलाबकर (धागाकर्ते)

सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल आभार मानतो. इंजिनघर यांच्या वाटेवरच्या फोटोने मला विचार करायला लावले, हे प्रामाणिकपणे सांगतो. मी पर्यटकाच्या जागेवरून पाहत होतो आणि ते नौकेच्या आतून पाहत होते. आत नाव काम करते, हे मला आता पटले आहे. बाहेर, किनाऱ्यावरच्या माणसासाठी मात्र ते गोंधळ करते, हे माझे म्हणणे कायम आहे.

म्हणून माझा विरोध मी थोडा बदलतो. तिसरी ‘खुकरी’ व्हायचीच असेल, तर तिच्यावर चढताना पहिल्या पावलाला दिसेल अशा जागी त्या १९४ जणांची नावे कोरलेली असावीत, हुद्द्यासह आणि गावासह. आणि दीवला दुसऱ्या ‘खुकरी’समोर मराठी, गुजराती व हिंदीत ठळक पाटी असावी: ही नौका १९८९ ची आहे, १९७१ ची ‘खुकरी’ इथून ४० सागरी मैलांवर समुद्राच्या तळाशी आहे. पाटी आधी लागावी, नाव नंतर द्यावे. या क्रमाबाबत मी मागे हटणार नाही.

इंजिनघर

पाटीबद्दल पूर्ण सहमत आहे. क्रमाबद्दल नाही. पाटी लागेपर्यंत नाव अडवून धरले तर दोन्ही गोष्टी राहून जातील, असा माझा अनुभव आहे. नाव आधी देऊ द्या. नावांची यादी नौकेवर कशी आणि कुठे लावायची, याचा प्रस्ताव त्या नौकेचे पहिले कप्तान आणि त्यांची माणसेच करतील. त्यांना ते कुणी सांगावे लागणार नाही.

थळचा वारा

गावांची नावे कोरायची सूचना उत्तम आहे. त्या यादीत कोकणातली गावेही असतील, तर त्या गावांच्या शाळांना नौकेच्या जलावतरणाचे निमंत्रण जावे, एवढी भर माझ्याकडून.